तिसरं गाणं

फ्रिजवाला मिस्त्री मागचा पत्रा काढत होता, तेवढ्यात घरातल्या बाईंनी टेप लावला आणि त्याच्या हातातला पाना हातातच राहिला. लोकगीतांच्या चालींवर रॉक वाजवणाऱ्या त्याच्या बँडची ती एकुलती एक कॅसेट. तीस वर्षांपूर्वी निघाली, तेव्हा काळं कुत्रंही तिच्याकडे फिरकलं नव्हतं.

“तिसऱ्या गाण्यात गिटारवाला चुकलाय,” तो मान वर न करता म्हणाला. त्या एका चुकीपायी त्याने गिटार माळ्यावर टाकली होती, ती अजून खाली काढली नव्हती.

“ठाऊक आहे,” बाई म्हणाल्या. “आमचे हे अंथरुणाला खिळले होते, तेव्हा रोज तेवढाच तुकडा लावायला सांगायचे. म्हणायचे, ‘चुकला, पण थांबला नाही बघ पठ्ठ्या.’”