दहा मीटरवरची आडवी रेघ

घनसावंगीच्या शाळेत स्थान-काल आलेख शिकवायला द्वारका मॅडमनी मैदानात एकेका मीटरवर मुलं उभी केली, वेळ टिपायला. त्यांची लेक अर्पिता दहाव्या मीटरवरच्या श्रेणिकपर्यंत चालत गेली, वळली आणि परत येऊन आईला बिलगली.

मुलांनी नोंदी ओरडून सांगितल्या. मॅडम आलेख काढू लागल्या.

दहा सेकंद, दहा मीटर.
वीस सेकंद, दहा मीटर.
तीस सेकंद, दहा मीटर.

"आडवी रेघ म्हंजे थांबलेला माणूस. परतीच्या वेळा कुठं हायत रे?"

"मॅडम, ती परत आलीच न्हाई," श्रेणिक तिकडून ओरडला.

मॅडमनी मान वर केली. श्रेणिकशेजारी अर्पिता उभी होती.

"आई, आता येऊ का?"

मॅडमच्या कानाशी तोच आवाज कुजबुजला, "न्हाई म्हण."