गंगुबाईचा तांब्याचा पाइप

"आये, प्लास्टिकचा पाइप घालूया. तांब्याचा घातला तर चोर कापून नेतील," सुहास म्हणाला.

"नेऊ देत! तांब्यातलं पाणी गुडघ्यांना चांगलं. घालीन तर तांब्याचाच," गंगुबाईनं ठणकावलं.

शेवटी सुहासच प्लंबर घेऊन आला आणि गॅलरीतून मोरीपर्यंत चकचकीत तांबूस पाइप लागला. महिनाभरात गंगुबाईनं काठी माळ्यावर टाकली आणि लालबागची अख्खी चाळ तांब्याचे गुण ऐकून कंटाळली.

एका दुपारी गॅलरीत करकर आवाज आला. बघते तर एक चोर करवतीनं पाइप कापतोय. तिला बघताच तो पळाला, मागे गंगुबाई. तीन जिने धावत उतरून तिनं त्याची कॉलर धरली.

"सोडा ना मावशी!" चोरच वैतागला. "प्लास्टिक आहे ते, वरून नुसता रंग मारलाय. माझी दुपार फुकट गेली!"

मागून धापा टाकत आलेल्या सुहासनं मान खाली घातली.

गंगुबाईनं चोराच्या कानाखाली एक ठेवून दिली.

"मेल्या, चोर तो चोर, वर खोटारडा! प्लास्टिकच्या पाण्यावर मी तीन जिने धावले असते काय रे?"