पाटावरचा यजमान

हेमचंद्र पाटावर बसला, त्यानं आचमनाला पळी उचलली आणि रस्त्यापलीकडे खळ्ळकन काच फुटली.

"फुटू दे," तो म्हणाला. "श्रीहर्ष, तू संकल्प सुरू कर."

त्याचंही बरोबर होतं म्हणा. नेदरलँड्समधल्या बेस्ट गावच्या मराठी मंडळात गणपतीचा यजमान व्हायला तीन वर्षं नंबर लावावा लागतो. आज पीतांबर नेसून, टोपी घालून, उघड्या अंगावर उपरणं घेऊन तो बायकोशेजारी, म्हणजे मंजूषेशेजारी, बसला होता. स्वारी अशी खुशीत, की कुणी फोटो काढेना तर स्वतःच खाकरायची. भटजी श्रीहर्ष. तो आठवडाभर चिप बनवणाऱ्या यंत्रांशी झटायचा आणि सुट्टीच्या दिवशी पूजा सांगायचा.

गावातल्या काहींचा विरोध असताना समोरच्या क्रीडागृहात निर्वासितांना ठेवलं होतं. त्यांना आरतीला बोलवायचं का, असा विषय मंडळाच्या बैठकीत निघाला, तेव्हा हेमचंद्रच कडाडला होता. "आपण रीतसर व्हिसा काढून आलेली माणसं. ते भोगतायत ते त्यांचं कर्म! शास्त्रातच आहे तसं." कुठल्या शास्त्रात, ते कुणी विचारलं नाही.

आता हॉलचं दार धाडकन उघडलं आणि त्याच क्रीडागृहातला योनास आत घुसला. एरिट्रियाचा तरुण. अंगात लाल हुडी, गळ्यात इवलासा क्रॉस, कपाळावर खोक.

"ते येतायत," एवढंच तो बोलला.

"त्याला म्हणावं, मागच्या दारानं जा," हेमचंद्र म्हणाला. मागच्या दाराला कुलूप होतं.

सासूबाई, कुमुदिनीबाई, पुण्याहून तीन महिन्यांसाठी आल्या होत्या. वाती वळता वळता त्या सहज म्हणाल्या, "पूजेला बसलेल्या माणसाला कुणी उठवत नाही हो, जावईबापू."

सगळ्यांनी पाटाकडे बघितलं.

"अजिबात नाही!" हेमचंद्र ओरडला. मग त्याला योनासच्या कपाळावरून ओघळणारं रक्त दिसलं. "काय रे देवा," असं पुटपुटत तो उठला. उपरणं आणि टोपी योनासला, हुडी हेमचंद्रला. मंजूषा मात्र जागची हलली नाही. तिनंही तीन वर्षं वाट बघितली होती.

सहा जण दारात आले. पुढचा लालबुंद, धिप्पाड, खांद्यावर पुरुषभर उंचीचा लाकडी क्रॉस. "हा ख्रिस्ताचा देश आहे!" तो डचमध्ये गरजला.

"जोडे!" कुमुदिनीबाई मराठीत गरजल्या.

आणि काय सांगू, सहाच्या सहा जणांनी बूट काढले! धिप्पाडाच्या मोज्यातून अंगठा बाहेर आला होता. त्यानं चाळीसेक सावळ्या चेहऱ्यांवरून नजर फिरवली आणि ती लाल हुडीवर थांबली. हुडीखाली पीतांबर आहे, हे काही त्याला खटकलं नाही. त्यानं हेमचंद्रची गचांडी धरली.

"हाच तो!"

मी इंजिनिअर आहे, टॅक्स भरतो, तुमचा माणूस तो बघा पाटावर बसलाय. सगळं हेमचंद्रच्या अगदी जिभेवर आलं होतं. पण पाटाकडे बोट काही त्याला दाखवता येईना.

"हो," तो म्हणाला. "मीच तो."

पाटावरून योनास उठला. उपरण्यातून त्याचा क्रॉस बाहेर आला. "त्याला सोड. मी आहे तो," तो मोडक्या डचमध्ये म्हणाला. "मी रोज सकाळी ख्रिस्ताची प्रार्थना करतो. तू कधी करतोस?"

धिप्पाडानं खांद्यावरच्या क्रॉसकडे बघितलं, मग पायाच्या अंगठ्याकडे. तेवढ्यात क्रीडागृहावर बोलावलेले पोलीस इथे आले आणि त्या सहा जणांना मोज्यांवरच घेऊन गेले.

हॉलमध्ये आधी सगळे रडले, मग पोट धरून हसले. योनासनं टोपी काढून हेमचंद्रपुढे धरली. श्रीहर्षनं घड्याळ बघितलं.

"चला, मुहूर्त टळतोय. कोण बसतंय ते ठरवा आणि यजमानाचं नाव, गोत्र सांगा."

हेमचंद्रनं टोपी पुन्हा योनासच्या डोक्यावर ठेवली आणि त्याला खांद्याला धरून खाली बसवलं.

"नाव योनास," तो म्हणाला. "गोत्र आमचंच."