अकोल्याचा डबा

"अहो, या लवकर! गाडी थांबायची नाही, आपला शेवटचा डबा तेवढा अकोल्याला धावत्या गाडीपासून सुटा होणार. आज कन्यादान करायचंय तुम्हाला!" सिंधूताई फोनवर ओरडल्या.

"आलोच," गाडीच्या पुढच्या टोकाहून दामोदरराव म्हणाले. "आपल्या गावचे शेगोकार भेटलेत. चहाशिवाय सोडत नाहीत."

पुढच्या डब्यातून आत येण्याचं दार मिटू लागलं, तेवढ्यात दामोदरराव धापा टाकत आत शिरले. त्यांना पोहोचवायला आलेले शेगोकारही बोलत बोलत आत आले. दार लागलं. डबा सुटून मंदावला आणि गाडी ताशी पाचशेच्या वेगाने दिल्लीकडे निघून गेली.

सिंधूताईंचा जीव भांड्यात पडला. "आता लग्नालाच चला, भाऊजी. तुम्ही करता काय?"

शेगोकार खिडकीतून दूर जाणाऱ्या गाडीकडे बघत होते.

"ती गाडी मीच चालवतो, वहिनी."