मंजूर कीर्तन

पास्टर शांतप्पांनी ख्रिस्ताच्या कीर्तनात "नुसत्या रोज्यांनी स्वर्ग मिळत न्हाई" असं रंगून गायलं आणि अख्खी मशीद चर्चच्या दारात आली. पोलीस ठाण्यात समेट झाला, की यापुढं कीर्तन आधी मशिदीच्या मौलालीचाचांना दाखवायचं.

चाचांनी ती ओळ खोडली. पण चाल लंगडायला लागली, म्हणून तिथं स्वतःच्या दोन घातल्या. वाचून शांतप्पा कागद घेऊन चाचांकडं धावले.

"चाचा, रोजे धरून मापात मारणाऱ्या दुकानदारांची तुम्ही चामडीच सोललीत की! हे गायलो तर माझी ऱ्हाईल व्हय? खोडतो."

"कामून खोडायलास?" चाचा उसळले. "मी माझ्या लोकांना बोलायचंबी न्हाई?"

"मग मशिदीतच बोला की!"

"तिथं मापात मारणारेच कमिटीवर हायत. तुझ्या चर्चबिगर मला तोंड उघडायला जागा कुठाय, बाबा?"