या घरात धूर किती?

कुबानिचने कार्ड डोळ्यांसमोर धरले आणि धुराड्याकडे पाहिले. कार्डावर पाच चौकोन होते. पहिला पांढरा, शेवटचा काळा. सायराकान आजीच्या घराचा धूर चौथ्या चौकोनाशी तंतोतंत जुळला.

त्याला धूर मोजायला पाठवणाऱ्या समितीचा आदेश स्पष्ट होता. बिश्केक शहरावर धूर साचून राहिला असेल त्या दिवसांत चौथ्या किंवा पाचव्या चौकोनात बसणाऱ्या घराची चूल तीन दिवस बंद करून तिला मोहर लावावी. कुबानिचच्या पिशवीत सकाळी एकोणीस शिशाच्या मोहरा होत्या. दुपारपर्यंत गल्ली संपत आली आणि एकच उरली.

आजीने त्याला आत घेतले व त्याच्यापुढे चहा आणि पाव ठेवला. चुलीजवळ पाळणा होता. पाळण्यात अकरा दिवसांचे बाळ निजले होते आणि आजीची धाकटी सून बुरुल पाळण्याच्या दांड्यावर हात ठेवून बसली होती. बाहेर थंडी उणे अठरा होती.

पाव नाकारणे आमच्यात पाप मानतात. कुबानिचने एक तुकडा मोडून तोंडात घातला आणि मग नोंदपत्रक काढून पहिला प्रश्न वाचला.

"या घरात धूर किती?"

"तीन," आजी म्हणाली.

त्याने वर पाहिले. धुराडे तर एकच होते. आमच्या बोलीत धुराला आणि संसाराला एकच शब्द आहे, तुतून. आजीने संसार मोजले होते. एक तिचा स्वतःचा, एक थोरल्या लेकाचा, एक धाकट्याचा. हिवाळाभर हे तिन्ही संसार त्या एका चुलीभोवती निजत. समितीने मात्र धुराडी मोजण्यास सांगितले होते. कुबानिचने एक लिहिले.

"आणि वरच्या घरी किती लिहिलेस?"

नोंदपत्रक त्याच्या मांडीवर उघडेच होते आणि आजीला आकडे वाचता येत होते.

"शून्य होय? मग मी रोज कुणाची फरशी पुसते रे? भुतांची?"

बुरुलला हसू आले. बाळ हलले तशी ती थांबली.

वरचे घर म्हणजे चढावरचे तीन मजली घर. गॅसचा पिवळा नळ आजीच्याच फाटकावरून त्या घराकडे गेला होता, परंतु त्यातून फाटा घेण्याची ऐपत गल्लीत एकाचीही नव्हती. आजी सांगत गेली. तिच्या स्वरात तक्रार नव्हती. त्या घरात माणसे तीन. पोहण्याच्या हौदातून वाफा निघतात. उकडते म्हणून बाईसाहेब भर जानेवारीत खिडक्या उघडतात. कंटाळा आला की विमानाने समुद्रावर जाऊन उन्हात बसून येतात. फाटकासमोरच्या दगडांखालीदेखील गरम नळ्या घातल्या आहेत, बर्फ साचू नये म्हणून. गल्लीतली कुत्री आता तिथेच पडून असतात.

कुबानिचला हे सारे ठाऊक होते. त्या घरात जळणाऱ्या विजेचा धूर शहराच्या दुसऱ्या टोकाला, वीजकेंद्राच्या उंच धुराड्यातून निघत असे. तेथे त्यावर कुणाचे नाव नसे, आणि कार्डावर त्याच्यासाठी चौकोनही नव्हता.

त्याने विचारले, बाळाला घेऊन तीन दिवस शेजारी राहता येईल का.

"शेजारच्या चुलीला मोहर कुणी लावली, सांग बघू?"

त्याने विजेच्या शेगडीचे नाव काढले. बुरुल म्हणाली की सकाळपासून सगळ्या गल्लीने त्याच लावल्या, म्हणून तर दहा वाजता तार जळाली आणि दिवे गेले.

मी नाही लावली तर संध्याकाळी दुसरा येईल, असे काहीसे तो पुटपुटला. उद्या त्याच्या स्वतःच्या गल्लीतही दुसराच येणार होता. त्याच्याही घरी कोळसाच जळत होता.

आजीने वाद घातला नाही. तिने स्वतःच निखारे बादलीत काढले आणि अंगणात नेऊन बर्फात ओतले. ते चुरचुरले. कुबानिचने चुलीच्या दाराला तार गुंडाळली आणि पकडीने मोहर दाबली. आमच्यात सर्वांत मोठा शाप एकच आहे: तुझा धूर विझो. भांडणात लोक आईबापांवरून शिव्या देतात, पण हे शब्द गिळतात. कुबानिचनेही ते कधी उच्चारले नव्हते.

तो उठला. घरचा पाव खाल्लेल्या पाहुण्याला आशीर्वादावाचून जाऊ देत नाहीत. आजीने काजळी लागलेले दोन्ही तळहात उघडून धरले.

"तुझा धूर विझू नये, पोरा," ती म्हणाली, आणि तळहात चेहऱ्यावरून फिरवले.

त्याचे एक काम राहिले होते. चढ चढून तो वरच्या घरी गेला आणि फाटकाच्या खांबावर समितीची निळी पाटी बसवू लागला. पाटीवर लिहिले होते: स्वच्छ घर. तिला चार स्क्रू होते. तिसरा फिरवताना त्याने खाली पाहिले. एकोणीस धुराड्यांपैकी एकातूनही धूर निघत नव्हता, आणि आकाश होते तसेच करडे होते.

तेवढ्यात बर्फात पावले वाजली. बुरुल चढावरून येत होती. रजईत गुंडाळलेले बाळ तिने छातीशी धरले होते. मागे रिकामा पाळणा घेऊन आजी होती. दोघींनी त्याच्याकडे पाहिले नाही. फाटकासमोरचे दगड ओले होते आणि त्यांतून बारीक वाफ निघत होती. बुरुल कडेशी येऊन थांबली.

एका म्हाताऱ्या कुत्र्याने डोके उचलून तिच्याकडे पाहिले. मग ते उठले आणि थोडे बाजूला जाऊन बसले. बाकीची कुत्रीही सरकली.