शुक्रवारचे मासे

तेलावर तरंगणारी आगकाडी भप्पकन पेटली. म्हणजे तेल तळण्याइतकं तापलं होतं. रोझेटाने चिमट्याने काडी उचलून सिंकमध्ये टाकली आणि मक्याच्या पिठात घोळवलेला पहिला कॅटफिश बिडाच्या तव्यात सोडला. तेलाचा थेंब मनगटावर उडाला. तिने त्याच्याकडे नुसतं पाहिलं.

"हात घे मागे," विली मे आत्या म्हणाली. "आणि पिठात तिखट घातलंस ना? शिकागोत राहून तुमच्या जिभा अळणी झाल्यात."

"घातलंय."

"बघितलं मी. चिमणीला घालतात तेवढं."

फ्रिजमध्ये चर्चच्या बायकांनी आणून दिलेली जेवणाची भांडी फॉइलखाली एकावर एक रचलेली होती. त्यातलं काहीच तिच्या वडिलांना, ओडेलना, नको होतं. कोणता महिना चालू आहे हे त्यांना सांगता आलं नसतं, पण शुक्रवार मात्र बरोबर कळला होता. सकाळपासून ते मासे मागत होते. म्हणून आत्याने शेजाऱ्याच्या तळ्यातले आणले होते, अख्खे, काट्यांसकट.

"पोरी, आज तू का तळतेयस?" ओडेल टेबलापाशी बसून म्हणाले. "तुझी आई कुठंय?"

रोझेटाने मासा उलटला.

आईला मंगळवारी पुरलं होतं. ओडेल तिथे पहिल्या रांगेत बसले होते, हॅट मांडीवर ठेवून. आज सकाळी त्यांनी विचारलं तेव्हा रोझेटाने खरं सांगितलं. ते भिंतीला धरून खाली बसले आणि रडले. दुपारी पुन्हा विचारलं. तिने पुन्हा सांगितलं. या वेळी रडले नाहीत. "आणि मला कुणी कळवलंसुद्धा नाही?" एवढंच म्हणाले.

"चर्चला गेलीय म्हण," आत्या तिच्या कानाशी पुटपुटली. "तिथल्याच मातीत आहे ती. खोटं कुठंय?"

"मग परत कधी येणार, असं विचारतील."

आत्या कांदा चिरायला लागली.

मासे तपकिरी कागदी पिशवीवर निथळले. रोझेटाने तीन ताटं वाढली. मासा, पांढऱ्या पावाचे दोन काप, कांदा. तिखट सॉसची बाटली मधे ठेवली. आत्याने प्रार्थना उरकली.

"अगं, मी काय विचारतोय?" ओडेलचा आवाज चढला. "अर्नेस्टीन कुठंय?"

रोझेटाने तोंड उघडलं, तेव्हा आपण काय बोलणार आहोत हे तिलाही माहीत नव्हतं.

"मासा खाताना बोलायचं नाही, बाबा. काटा अडकेल घशात."

हे वाक्य या घरात आईचं होतं. दर शुक्रवारी ती ते सगळ्यांना ऐकवायची, पाहुण्यांनासुद्धा. एकदा पाद्रीबुवांना ऐकवलं होतं.

ओडेलनी ओठ मिटले आणि निमूट मान खाली घातली.

मग कुणीच बोललं नाही. त्यांची बोटं काही विसरली नव्हती. पाठीवरून नख फिरवून त्यांनी अख्खा कणा अलगद सोडवला आणि ताटाच्या कडेला ठेवला. ते सावकाश खात होते. चेहऱ्यावर कसलीच काळजी नव्हती. बायको शेजारच्या खोलीत असलेल्या माणसासारखे ते जेवत होते.

रोझेटाने आपल्या माशाला हात लावला नाही. आत्याने तिच्याकडे एकदा पाहिलं, पण नियम नियम होता.

शेवटचा घास संपला. ओडेलनी पावाच्या तुकड्याने ताट पुसलं, मग बोटं पुसली. मान वर करून त्यांनी तिच्याकडे पाहिलं. त्यांचे ओठ हलले.

रोझेटाने आपला मासा उचलून त्यांच्या ताटात ठेवला.

"काटे बघून," ती म्हणाली.